घोडं पेंड खातंय कुठे?

नवा कॉम्प्युटर घरीच जोडायचा ठरला आणि मी सगळ्यात आधी एक तक्ता केला. उभ्या ओळींत २३ प्रोसेसर, आडवे १४ रकाने. कोअर किती, थ्रेड किती, गिगाहर्ट्झ किती, कॅश किती, वॅट किती, सॉकेट कुठलं. रात्री जेवणं झाली की मी तो तक्ता उघडून बसायचो. एखादा प्रोसेसर खोडायचो, दुसऱ्या दिवशी परत आणायचो. तिसऱ्या आठवड्यात मुलगी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तू कॉम्प्युटर घेणारेस की प्रोसेसरची परीक्षा देणारेस?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं, की आपण या यंत्रावर करतो काय? दुसऱ्यांनी काढलेले आकडे पाठ होते. कुठला खेळ कुठल्या प्रोसेसरवर किती फ्रेम देतो हे मला तोंडपाठ होतं, आणि त्यातला एकही खेळ आमच्या घरात कुणी खेळत नाही.

जुना कॉम्प्युटर तसा चालत होता. २०१४ साली घेतलेला, दोन कोअरचा. (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारा एकेक कारागीर.) पण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांना दारात उभं करतं त्यांच्या यादीत आमचा नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या मुख्य दोन. ती यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून. त्याआधीचे जवळपास सगळे बाहेर. म्हणजे यंत्र थकलं म्हणून नव्हे, वयोमर्यादा उलटली म्हणून निवृत्त. (त्याच्यावर पुढे विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि तो अजून आनंदात आहे, पण तो वेगळा विषय.)

मुलीच्या टोमण्यानंतर मी तक्ता बंद केला आणि एक वही घेतली. आठवडाभर एकच नोंद ठेवायची: कॉम्प्युटरने आपल्याला कधी ताटकळत ठेवलं, आणि त्या वेळी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते सांगणारा विंडोजचा तक्ता, काय दाखवत होता. पहिल्या दिवशीची पानं अशी:

सकाळी सुरू केला. पडद्यावरच्या खिडक्या उघडायला लागेपर्यंत दीड मिनिट. प्रोसेसर १८ टक्के, डिस्क १०० टक्के.

ब्राउझर. २२ सेकंद. प्रोसेसर ३० टक्के, डिस्क १०० टक्के.

मोठी स्प्रेडशीट. ४० सेकंद. डिस्क १००.

ब्राउझरचे १५ टॅब आणि सोबत स्प्रेडशीट. टॅब बदलला की पांढरं पान. रॅम ९६ टक्के, डिस्क १००.

दहा मिनिटांचा व्हिडिओ कापून एक्स्पोर्ट केला. २६ मिनिटं. प्रोसेसर १०० टक्के, डिस्क ४.

आठवड्याच्या शेवटी वहीत ५२ नोंदी होत्या आणि प्रोसेसरमुळे खोळंबा झालेल्या त्यातल्या फक्त ६. बाकी सगळीकडे घोडं पेंड खात होतं ते हार्ड डिस्कपाशी, नाहीतर रॅमपाशी. आणि मी तीन आठवडे प्रोसेसरचे रकाने भरत होतो.

हार्ड डिस्कचा हिशेब कागदावर मांडला की तिची कीवच येते. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखालून नुकतीच निघून गेली असेल, तर ती परत येईपर्यंत पूर्ण एक फेरा थांबायचं. माणसाच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांच्या, प्रोसेसरचे तेवढ्या वेळात ३ कोटी ३३ लाख ठोके पडून जातात. म्हणजे आपण भरपूर पैसे देऊन जगातला सगळ्यात चपळ कारकून नेमायचा आणि फाइल आणायला मात्र तळघरात एकच म्हातारा शिपाई ठेवायचा. कारकून आणखी चपळ आणला तर तो फक्त आणखी जोरात जांभया देईल.

खात्री करायला जुन्याच यंत्रात एक एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, लावून पाहिली. दीड मिनिटाचे २० सेकंद झाले. मुलगी म्हणाली, "मग झालं की!" विंडोजची ती यादी नसती तर खरंच झालं असतं, आणि हा लेख इथेच संपला असता.

माझ्या तक्त्यात गिगाहर्ट्झचा रकाना पहिला होता. ही जुनी खोड. आमची पिढी कॉम्प्युटर घ्यायला शिकली ती मेगाहर्ट्झ मोजत. शेजाऱ्याकडे ५०० चा असेल तर आपल्याकडे ७०० चा हवा. गाडीच्या वेगासारखा तो एकच आकडा सगळ्यांना कळायचा, आणि कंपन्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं. इंटेलने २००० साली पेन्टियम ४ आणला तो मुळात याच आकड्याच्या शर्यतीसाठी घडवलेला. काम बारीक बारीक टप्प्यांत तोडलं की प्रत्येक टप्पा छोटा होतो आणि ठोका जलद देता येतो. २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत हे टप्पे ३१ पर्यंत गेले. पण प्रोग्रॅममध्ये पावलोपावली 'असं असेल तर हे, नाहीतर ते' असे फाटे असतात. प्रोसेसर अंदाजाने एका फाट्यावर काम सुरू करून ठेवतो. अंदाज चुकला की रांगेतलं अर्धवट काम टाकून पहिल्यापासून सुरुवात. रांग जितकी लांब, तितकी नासाडी जास्त. शिवाय उष्णता वेगळीच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ चा बेत सोडून दिला. दोन वर्षांनी त्याच कंपनीचे कोअर २ ड्युओ आले. त्यांचा आकडा २ गिगाहर्ट्झच्या आसपास, पण ३.८ वाल्या पेन्टियमला ते मागे टाकत होते.

एएमडीची अडचण त्याआधीची. त्यांचा अ‍ॅथलॉन एका ठोक्यात जास्त काम करायचा, पण डब्यावरचा आकडा छोटा. मग २००१ साली त्यांनी १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं नावच 'अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+' ठेवून दिलं. लोकांना आकडाच हवा ना, मग घ्या आकडा. मला या नामकरणाची त्या वेळी चीड आली होती. आता वाटतं, त्यांनी दुसरं करायचं तरी काय? गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारता येत असेल तर दुकानदार त्याच प्रश्नाचं उत्तर रंगवणार.

कॅशच्या रकान्याकडे मात्र मी आता जास्त आदराने बघतो, आणि त्याला कारण सेलेरॉन. १९९८ च्या वसंतात इंटेलने स्वस्तातला प्रोसेसर म्हणून पहिला सेलेरॉन काढला, त्यात दुसऱ्या पातळीची कॅश पार काढून टाकून. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला खण. रॅम म्हणजे माळा. हा खण नसल्यामुळे बिचारा घडोघडी माळ्यावर चढायचा. पुढे ३०० मेगाहर्ट्झचा निघाला तरी लोकांनी त्याला नावं ठेवली. ऑगस्टमध्ये '३०० ए' आला. ठोका तोच, ३०० मेगाहर्ट्झ. फक्त आत १२८ किलोबाइटचा खण बसवलेला, तोही प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने उघडणारा. १२८ किलोबाइट म्हणजे आजच्या एका फोटोच्या पासंगालाही न पुरणारी जागा. पण तेवढ्याने तो स्वस्तातला प्रोसेसर महागड्या भावंडांच्या पंगतीत जाऊन बसला. त्याचा बस वेग, म्हणजे बाकीच्या यंत्राशी बोलण्याचा ठोका, ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केला की तो ४५० वर पळायचा, म्हणून हौशी मंडळी अजूनही त्याचं नाव प्रेमाने घेतात. तीच गोष्ट २०२२ मध्ये वेगळ्या थाटात परत झाली: रायझन ७ ५८००एक्स३डी वर एएमडीने कॅशचा आणखी एक मजला चढवून ती ९६ मेगाबाइट केली आणि खेळांमध्ये त्याहून जास्त गिगाहर्ट्झवाल्यांना घाम फोडला.

आता कोअर. इथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकला होता. चार की सहा की आठ? 'आठ घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडतील' हा सल्ला कानाला इतका शहाणा वाटतो, की नाही म्हणताना आपणच अदूरदर्शी ठरतो. जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने १९६७ मध्येच या मोहाला हिशेब लावून ठेवला आहे. समजा एखाद्या कामाचा पाव भाग असा आहे, की तो एकामागून एकच करावा लागतो, वाटून देता येत नाही. मग चार कोअर लावल्यावर काम चौपट नाही, २.३ पट जलद होतं. आठ लावले तर २.९ पट. सोळा लावले तर ३.४. आणि कोअरचा डोंगर जरी उभा केला तरी चार पटींच्या पुढे जाता येत नाही, कारण तो पाव भाग आहे तिथेच आहे. चारावरून आठावर जाताना पैसे कुठे गेले ते निदान दिसतं. आठावरून सोळावर जाताना ते दिसायला भिंग लागतं.

वहीतल्या त्या ६ नोंदी व्हिडिओ एक्स्पोर्टच्या होत्या. ते काम वाटून देता येतं, तिथे कोअर लागू पडतात. उरलेल्या ४६ नोंदींत आठ कोअरनी एकमेकांची तोंडं पाहिली असती. मी सहावर तडजोड केली. हिशेबाने चार पुरले असते, हे कबूल करतो. वरचे दोन मनाच्या शांतीसाठी.

या सहाची एक गंमत आहे. मी शेवटी घेतला तो रायझन ५ ५६००जी. त्याचा मोठा भाऊ ५७००जी: आठ कोअर आणि ग्राफिक्सचे, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारे, आठ घटक. माझ्यात सहा कोअर आणि ग्राफिक्सचे सात घटक. पण सिलिकॉनचा तुकडा दोघांचा एकच. कारखान्यात एका चकतीवर शेकडो चिप्स छापल्या जातात आणि उडदामाजी काळे-गोरे निघणारच. एखाद्यात एक कोअर बिघडलेला, एखादा जास्त वीज खाणारा. ते टाकून द्यायचे तर तोटा. मग दोष असलेले भाग बंद करून धाकट्या नावाने विकायचे. कधी कधी धाकट्याला मागणी जास्त असते, तेव्हा धडधाकट चिपचेही दोन कोअर मुद्दाम मिटवतात. २००९ च्या सुमारास एएमडीच्याच काही फेनॉम २ प्रोसेसरांचे असे झोपवलेले कोअर मदरबोर्डच्या एका सेटिंगने जागे करता यायचे. दोनाचे चार! कुणाचे सुरळीत चालायचे, कुणाचा पडदा निळा होऊन कॉम्प्युटर अडायचा. आता ती वाट बुजवली आहे. पण माझ्या टेबलाखालच्या डब्यात दोन कोअर कायमचे निजलेले आहेत, हे मला उगाचच आवडतं.

५६००जी च का, याचं कारण शेवटच्या अक्षरात आहे. स्वस्तात यंत्र जोडणाऱ्याने नावातला आकडा नंतर वाचावा, शेवटचं अक्षर आधी. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळा. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांच्यात फरक एवढाच, आणि एफ थोडा स्वस्त दिसतो म्हणून पुष्कळ जण त्या सापळ्यात पाय घालतात. एएमडीच्या या पिढीत उलट आहे: तिथे 'जी' असेल तरच ग्राफिक्स. साध्या ५६०० ला कॅश ३२ मेगाबाइट, माझ्या जी ला १६. म्हणजे मी अर्धा खण देऊन पडद्यावर चित्र घेतलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच असतं तर साधा ५६०० हाच शहाणा सौदा होता. मला कार्ड घ्यायचं नव्हतं.

इंटेलचा आय३-१२१०० शेवटपर्यंत शर्यतीत होता. चारच कोअर, पण एकेकटा कोअर माझ्याहून तल्लख, आणि एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ उलगडायची सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये आहे. माझ्यात ती नाही. ते काम कोअरना हाताने करावं लागतं. हा तोटा मी डोळे उघडे ठेवून पत्करला. मुलीचे छोटे-मोठे खेळ मात्र माझ्या ग्राफिक्सवर बरे चालतात. दुसऱ्या घरात पारडं दुसरीकडे झुकलं असतं आणि तेही बरोबरच असतं.

या 'जी' वाल्यांची एक अट असते, ती न पाळणाऱ्याला पस्तावावं लागतं. त्यांच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते मुख्य रॅमवरच जगतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट पुरवते. दोन पट्ट्या दोन चॅनेलना, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांना, लावल्या तर ५१.२. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्यायच्या, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच लावायच्या. चार खाचांच्या बोर्डवर बहुधा दुसरी आणि चौथी. एक पट्टी लावून 'ग्राफिक्स अगदीच मठ्ठ आहे हो' म्हणणारे मला बरेच भेटले आहेत.

सॉकेटबद्दल, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीबद्दल, थोडक्यात, कारण इथे मी बहुमताच्या विरुद्ध आहे. माझ्या ५६००जी चं एएम४ हे सॉकेट २०१६ चं. त्याच्यासाठी नवं खास काही येण्याची वाट पाहू नये. शहाणे म्हणतात, एएम५ घ्या, पुढे प्रोसेसर बदलता येईल. बरोबर आहे. फक्त तिथे रॅम डीडीआर५ च लागते, बोर्डही महाग, आणि मी गेल्या २५ वर्षांत चार कॉम्प्युटर वापरले त्यात जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसवण्याचा योग बरोब्बर एकदा आला. जो योग पाव शतकात एकदा येतो त्याचा हप्ता मी आज भरायला तयार नाही. वाचलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय आला आणि १ टेराबाइटची एसएसडी आली.

वॅटच्या रकान्यावर मी एक पूर्ण रविवार घालवला होता. घरच्या वापरात प्रोसेसर बहुतेक वेळ डुलक्या घेतो, आणि डब्यावरचे ६५ वॅट हा कूलर केवढा लागेल याचा अंदाज असतो, विजेचं बिल नव्हे. रविवार वाया गेला.

जोडणीच्या दिवशी सगळं पुस्तकाप्रमाणे झालं, निदान दुपारपर्यंत. एएम४ च्या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात, केसांसारख्या, सोनेरी. एका कोपऱ्यात छोटा त्रिकोण. तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, सॉकेटच्या कडेची दांडी उभी करायची आणि प्रोसेसर नुसता सोडायचा. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो. त्या क्षणी फार बरं वाटतं. मग दांडी खाली. मग बोर्डवरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढून कूलर त्याच्या चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी आवळायचा, तिरके-तिरके, थोडा हा, थोडा तो.

सगळं आवळून झाल्यावर दिसलं, की पंख्याची वायर कूलरखाली अडकली आहे. रात्र झाली होती, मी तसंच ठेवलं. सकाळी स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला.

'प्लॉप' असा आवाज आला. कूलर हातात, आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसर. दांडी खालीच होती, सॉकेट रिकामं. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवायला मध्ये थर्मल पेस्टचा लेप असतो, आणि थंड असताना ती डिंकासारखी धरते. आधी यंत्र थोडा वेळ चालवून ती गरम करायची, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना सांगितलंही होतं.

खिडकीपाशी नेऊन तिरपं धरून पाहिलं. कडेच्या रांगेतल्या तीन पिना झुकल्या होत्या. तीन आठवड्यांचा तक्ता, आठवड्याची वही, अ‍ॅमडालचा नियम, सगळं त्या तीन पिनांवर येऊन थांबलं होतं. मुलीच्या कंपासपेटीत शिसं भरायची पेन्सिल होती. तिचं शिसं काढून टाकलं की पुढची धातूची नळी पिनेवर बरोब्बर टोपीसारखी बसते. मुलीने टॉर्च धरला. पहिली पीन आली. दुसरी आली. तिसरीला दोनदा जावं लागलं, कारण एकदम जास्त वाकवून परत आणताना ती तुटायची भीती. नंतर प्रोसेसर त्रिकोणाशी त्रिकोण जुळवून सॉकेटवर सोडला. तो लगेच गेला नाही. कडेला बोटाने जरासा हलवला, तेव्हा खाली बसला.

जुनी पेस्ट पुसून नवी लावली, वायर बाहेर काढली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. नवी रॅम ओळखून घ्यायला बोर्ड पहिल्यांदा वेळ घेतो, हेही मला माहीत होतं, पण त्या अर्ध्या मिनिटात माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. मग अक्षरं आली: सहा कोअर, १६ जीबी.

तोच दहा मिनिटांचा व्हिडिओ आता साडेचार मिनिटांत निघतो. सुरू व्हायला १२ सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये बारा छोट्या चौकटी दिसतात, कारण एकेक कोअर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, हाताळतो. ब्राउझर उघडला की त्यातल्या दोन-तीन थोड्या उसळतात आणि बाकीच्या जमिनीला चिकटलेल्या असतात. मी ते मुलीला दाखवत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती मदरबोर्डच्या खोक्यात काहीतरी शोधत होती.

"बाबा, पेन्सिल सापडली," ती म्हणाली. "शिसं कुठे टाकलंस?"